ऋणमुक्तीचा वाटाड्या कसा पारखावा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कर्जासारखा विषय निवडल्याबद्दल आयोजकांपैकी काहींनी नाक मुरडले, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. नाट्यसंगीताची मैफल, मुलांचे नाटक, पुरणपोळीचे सहभोजन, आणि या पंक्तीत थकलेल्या हप्त्यांचे पान कोठे वाढावयाचे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न गैर नव्हता. परंतु गेली काही वर्षे दर शनिवारी सायंकाळी मंडळाच्या ग्रंथालयात आम्ही तिघे बसत असतो. आमच्यापैकी एकाचे आयुष्य बँकेच्या कर्जखात्यात गेले, दुसऱ्याने कारखान्यातील पतपेढीचे हिशेब पाहिले आणि तिसरा अजून वकिली करतो. आमच्याकडे येणारी मंडळी पुस्तक बदलण्याचे निमित्त करून येतात, कपाटापाशी बराच वेळ रेंगाळतात, आणि ग्रंथालय रिकामे झाले की पिशवीतून कागद काढतात. ज्या घरांत कागद असे पिशवीत लपवून ठेवावे लागतात त्या घरांची संख्या आपल्या मंडळात एकदोन नाही. म्हणून हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला.

कर्ज काढणे हे पाप आहे, असे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी घर कर्जावरच बांधले. मुलांच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाला कोणी उधळपट्टी म्हणणार नाही. ऋण काढून सण करू नये ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली आहे, तिची उजळणी करून आपला वेळ घेण्यात अर्थ नाही. आमचा विषय त्यापुढचा आहे. कर्ज झाले आहे, हप्ते झेपेनासे झाले आहेत, आणि अशा वेळी ‘तुमची सर्व कर्जे एकत्र करून देतो’, ‘निम्म्या रकमेत मिटवून देतो’, ‘वसुलीवाल्यांचे दूरध्वनी आजपासून बंद’ असे सांगणारा कोणी पुढे येतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा काय, आणि ठेवावयाचा तर काय पाहून ठेवावा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अधिक बोचतो. गावी असताना अडचण आली तर मामा असतो, थोरला चुलतभाऊ असतो, निदान ओळखीचा एखादा वकील असतो. येथे आपले नातेवाईक म्हणजे हे मंडळ, आणि मंडळात तर वर्गणी वेळेवर भरणारा माणूस म्हणून आपली ओळख. तेथे कर्जाची गोष्ट कशी काढावी? शिवाय ‘गावी कळता कामा नये’ हा धाक आहेच. ज्याने गावी भावाला विहिरीसाठी पैसे पाठविले, बहिणीच्या लग्नात पुढाकार घेतला, तो स्वतः अडचणीत आहे हे गावाला कसे सांगणार? ही लाज फसविणाऱ्याला पक्की ठाऊक असते. तो तिच्यावरच जगतो. सावकारापेक्षा सल्लागाराने जास्त बुडविले, असे म्हणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

सावकारीचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्या दंग्यांत लोकांचा रोख पैशाअडक्यापेक्षा कर्जरोख्यांवर अधिक होता. रोखे हाती घ्यावयाचे आणि जाळावयाचे. कारण त्या कागदांवर काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्यांनी त्यांवर अंगठे उठविलेले होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यातील एक तरतूद आम्हांला आजही मोलाची वाटते. रोख्यावर लिहिलेली रक्कम तेवढी प्रमाण न मानता मूळ देणेघेणे काय झाले, व्याज किती चढविले, हे न्यायालयाने मुळापासून तपासावे, असे त्या कायद्याने सांगितले. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, तोही याच व्यथेवर. आज अंगठ्याची जागा दूरध्वनीच्या पडद्यावरील ‘मला मान्य आहे’ या चौकटीने घेतली आहे. त्या चौकटीखालचा मजकूर किती जण वाचतात, हे आम्ही येथे विचारीत नाही.

आता ‘कर्ज एकत्र करणे’ म्हणजे काय ते पाहू. तीनचार ठिकाणची महागडी कर्जे एका नव्या, स्वस्त कर्जाने फेडून टाकावयाची आणि पुढे एकच हप्ता भरावयाचा, ही मूळ कल्पना. कल्पना चांगली आहे. क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज असेल तर ते वर्षाला बेचाळीस टक्के असे आपण समजतो. पण ते महिन्यामहिन्याला मुद्दलात मिळत गेले की वर्षाला सुमारे एक्कावन्न टक्के पडते. असे देणे चौदापंधरा टक्क्यांच्या कर्जात वळविता आले तर कोणाला नको आहे? आयुर्विम्याची जुनी पॉलिसी, मुदतठेव किंवा घरातील सोने तारण ठेवून, नाहीतर नोकरीच्या ठिकाणच्या पतपेढीतून असे कर्ज मिळते. बँकेत गृहकर्जाचे हप्ते नियमित असतील तर त्यावर ‘टॉप-अप’ मिळण्याचीही शक्यता असते. मात्र बिनतारणी देणे फेडण्यासाठी राहते घर तारण देत आहोत हे अशा वेळी विसरू नये. कार्डाचे पैसे थकले तर बँक दावा लावील, घराचे थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये न्यायालयात न जाताही घरावर टाच आणू शकेल. या दोहोंतील अंतर मोठे आहे.

आणखी एक सापळा आकड्यांचा आहे, आणि त्यात शिकलीसवरलेली माणसे सापडतात. समजा, तीन लाखांचे देणे पंधरा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडावयाचे आहे. महिन्याचा हप्ता सुमारे १०,४०० रुपये येतो. कोणी सांगतो, आम्ही तेरा टक्क्यांनी नवे कर्ज देतो आणि हप्ता केवळ ५,४६० रुपये. दर कमी, हप्ता जवळजवळ निम्मा; माणूस भुलणारच. पण मुदत तीन वर्षांची सात वर्षे झालेली असते. पहिल्या कर्जात एकूण व्याज सुमारे ७४,००० रुपये जाते, दुसऱ्यात सुमारे १,५८,०००. दर दोन टक्क्यांनी उतरला आणि व्याज दुपटीहून वाढले! हप्ता खरोखरच झेपत नसेल तर मुदत वाढविणे भाग पडते, त्याला आमची ना नाही. परंतु तसे करताना आपण काय विकत घेत आहोत हे ठाऊक असावे. जो सल्लागार हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि एकूण परतफेडीचा आकडा मुळीच दाखवीत नाही, त्याच्या दुकानातून उठून यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला कर्जाच्या मुख्य बाबींचे एक पत्रक द्यावे लागते. त्यात सर्व आकार धरून वार्षिक खर्चाचा खरा दर लिहिलेला असतो. ते पत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे, असाही नियम आहे. हिंदी प्रदेशात राहून इंग्रजी करारनाम्यावर सही करणाऱ्या मराठी माणसाने या नियमाचा उपयोग अवश्य करून घ्यावा. मागावयास लाजू नये.

एकत्रीकरण ही एक गोष्ट झाली. अलीकडे ज्यांचा सुळसुळाट झाला आहे ते मात्र निराळे. ते नवे कर्ज देत नाहीत. ते ‘तडजोड’ करून देण्याचे वचन देतात. त्यांची पद्धत आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाच्या कागदांवरून सांगतो. नावगाव सांगत नाही, आणि त्या कंपनीचेही नाव घेत नाही, कारण प्रकरण निर्णयासाठी पडून आहे.

गृहस्थ कारखान्यात नोकरीला, पत्नी घरी शिवणकाम करणारी, दोन मुले शिकणारी. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी कार्ड वापरले गेले. त्याची बाकी एक लाख चाळीस हजार, त्याखेरीज एक व्यक्तिगत कर्ज, आणि त्या दोहोंचे हप्ते भरण्यासाठी ॲपवरून घेतलेले तिसरे. कंपनीचा दूरध्वनी आला. बोलणारी मुलगी अत्यंत मृदू होती, असे ते गृहस्थ आजही सांगतात. ‘घाबरू नका काका, तुमच्यासारखे हजारो लोक आमच्याकडे आहेत.’ बँकेतल्या कोणी इतक्या दिवसांत त्यांना ‘घाबरू नका’ म्हटले नव्हते. कंपनीने महिना साडेसहा हजार रुपये शुल्क ठरविले आणि सांगितले, आता बँकेला एक पैसाही भरू नका, खाते थकू द्या, थकल्याशिवाय बँक तडजोडीला येत नाही. बँकेची पत्रे उघडू नका, दूरध्वनी उचलू नका, सर्व आमचे वकील पाहतील.

आठ महिने त्यांनी शुल्क भरले. बावन्न हजार रुपये झाले. इकडे कार्डाची एक लाख चाळीस हजारांची बाकी केवळ व्याजाने एक लाख चौऱ्याऐंशी हजारांच्या घरात गेली. विलंबाचा आकार आणि त्यावरचा कर निराळाच. नव्वद दिवस हप्ता न आल्याने खाते अनुत्पादक ठरले आणि तशी नोंद पतमाहिती कंपन्यांकडे गेली. ॲपच्या कर्जासाठी बँकेतून आपोआप हप्ता वळता होण्याची जी मुभा दिली होती, ती खात्यात पैसे नसल्याने तीनदा परत गेली. असे परत जाणे २००७ च्या एका कायद्यान्वये न वटलेल्या धनादेशाप्रमाणेच गुन्हा ठरू शकते, हे त्यांना कंपनीने सांगितलेले नव्हते. नोटीस आली तेव्हा ते आमच्याकडे आले. कंपनीकडून आठ महिन्यांत बँकेला गेलेले पत्र एकच होते, आणि त्यात खातेक्रमांक चुकीचा होता.

या कथेत नवल वाटावे असे पुढे घडले. आमच्यापैकी एकजण त्यांच्यासोबत बँकेच्या शाखेत गेला. शस्त्रक्रियेची बिले, पगाराची पत्रके आणि घरखर्चाचा एका कागदावर मांडलेला हिशेब, एवढेच बरोबर नेले. दोन भेटींनंतर बँकेने पुढील व्याज कमी करून छत्तीस हप्ते बांधून दिले. यासाठी कोणाला काही द्यावे लागले नाही. कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगाकडे दिली आहे. कंपनीचे कार्यालय दूरच्या महानगरात असले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. परप्रांतीयांना हे कलम वरदानासारखे आहे.

सगळेच तडजोडवाले लबाड असतात असे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. काही जण पत्रव्यवहार नीट करतात, काहींनी खरोखर तडजोडी घडवूनही आणल्या असतील. परंतु ते जे काम करतात ते कर्जदाराला स्वतः करता येते, आणि ‘थकवा’ हा सल्ला देणाऱ्याला थकविण्याचे परिणाम भोगावे लागत नाहीत, या दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. तडजोडीचा निर्णय बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे होतो. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या तडजोडींची चौकट घालून दिली. तीनुसार, शेतीकर्जे वगळता, तडजोड झालेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने निदान बारा महिने नवे कर्ज देऊ नये. शिवाय पतनोंदीत ‘पूर्ण फेड’ असे न येता ‘तडजोडीने मिटविले’ असे येते. सिबिलचे आकडे ३०० ते ९०० या दरम्यान असतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहे. पण आकड्यापेक्षा ही नोंदच गृहकर्जाच्या वेळी आडवी येते. ज्याला दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज लागणार आहे त्याने ‘निम्म्यात मिटवा’ या शब्दांना भुलण्यापूर्वी हे तोलून पाहावे. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच उरलेला नाही, त्याने तडजोड अवश्य करावी. त्यात अप्रतिष्ठा काही नाही. मात्र तडजोडीचे पत्र बँकेच्या स्वतःच्या कागदावर हाती आल्याखेरीज पैसे देऊ नयेत, पैसे आपल्या कर्जखात्यातच भरावेत, दुसऱ्या कोणाच्या खात्यात नव्हे, आणि शेवटी ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घेऊन तो जपून ठेवावा.

याहूनही धीट प्रकार एक आहे. काही मंडळी ‘कर्जमाफीची प्रमाणपत्रे’ देतात आणि त्यासाठी सेवाशुल्क, कायदेशुल्क अशी नावे देऊन पैसे घेतात. ११ डिसेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेला याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली ही परंपरेने आलेली कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण ती बुडविणारे तुकोबा धनको होते. आपले येणे त्यांनी सोडले. ऋणकोच्या वतीने तिसऱ्याच कोणी कागद बुडविला तर कागद तेवढा भिजतो.

मग खरा सल्लागार ओळखावा कसा? आमच्या मते त्याची पहिली खूण ही की तो प्रथम आपला हिशेब मागतो. उत्पन्न किती, खर्च काय, कोणते कर्ज किती दराचे, तारण कशाचे, जामीन कोण, हे विचारल्याशिवाय जो उपाय सांगतो तो वैद्य नाडी न पाहता पुडी देणारा आहे. चांगला सल्लागार पुष्कळदा असेही सांगतो की तुम्हांला माझी गरज नाही, बँकेत जा. आपल्याला ऐकवावयास जड जाईल असेही काही तो बोलतो. दुचाकी विका, कार्ड कापून टाका, पत्नीला खरे सांगा. शेवटचे वाक्य बोलावयास आम्हांलाही सोपे जात नाही. परंतु घरातील दुसऱ्या माणसाला ठाऊक नसलेल्या कर्जाची घडी बसलेली आम्ही तरी पाहिली नाही.

दुसरी खूण पैशाची. आगाऊ शुल्क, दरमहाचे शुल्क, ‘वाचविलेल्या रकमेवर’ टक्केवारी, हे सर्व कागदावर स्पष्ट असावे, आणि काम न झाल्यास पैसे परत मिळण्याची अट असावी. आमच्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना हे सांगण्यासारखे आहे की तेथे हा धंदा जुना आहे. दूरध्वनीवरून गिऱ्हाईक मिळविणाऱ्या अशा कंपन्यांना एखादे तरी कर्ज मिटवून दाखविण्यापूर्वी शुल्क घेण्यास तेथील संघराज्य व्यापार आयोगाने २०१० साली बंदी केली. म्हणजे तेथेही आधी लोक फसले, मग नियम झाला. आपल्याकडे या सल्लागार कंपन्यांसाठी असा निराळा नियम नाही, तेव्हा तो ज्याने त्याने स्वतःपुरता करून घ्यावा. ‘आमचे वकील’ हा शब्द ऐकला तर वकिलाचे नाव व सनद विचारावी. वकिलाने आपली जाहिरात करू नये आणि निकालावर अवलंबून ठेवून फी ठरवू नये, असे बार कौन्सिलचे नियम आहेत. जेथे जाहिरातही आहे आणि यशावर टक्केवारीही आहे, तेथे वकील खरोखर कोणाचा हे आपणच ठरवावे.

‘आम्ही सरकारमान्य आहोत’ हे वाक्य फार चालते. कंपनी निबंधकाकडे नोंद असणे, वस्तू व सेवा कराचा क्रमांक असणे, यांतून ती कंपनी अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. किराणा दुकानालाही हा क्रमांक असतो. कर्ज देणारी संस्था असेल तर तिचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे. बेकायदा ठेवी व कर्जव्यवहार यांविषयी तक्रारीसाठी त्याच बँकेचे ‘सचेत’ हे संकेतस्थळ आहे. ॲपवरून कर्ज देणाऱ्यांना सप्टेंबर २०२२ पासून अनेक बंधने आली. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी, परतफेड थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जावी, मधल्याच्या हातून नव्हे, आणि दूरध्वनीतील नावांची यादी किंवा छायाचित्रे ॲपने पाहू नयेत, ही त्यांतली महत्त्वाची. जे ॲप आपल्या नातेवाइकांचे क्रमांक मागते ते पुढे त्या क्रमांकांचे काय करणार, हे उघड आहे.

वसुलीच्या जाचाविषयी थोडेसे, कारण बहुतेक जण सल्लागाराकडे धावतात ते व्याजापेक्षा या जाचाने. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातच्या नंतर दूरध्वनी करू नये, नातेवाइकांपुढे व मित्रांपुढे मानहानी करू नये, धमकावू नये, असे ऑगस्ट २०२२ चे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट आदेश आहेत. नियम मोडला तर वेळ व क्रमांक लिहून ठेवावा, प्रथम बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास लोकपालाकडे जावे. २०२१ साली या सर्व संस्थांसाठी एकच एकत्रित लोकपाल योजना सुरू झाली. तिच्याकडे तक्रार करण्यास शुल्क नाही, वकील लागत नाही, किंबहुना त्या योजनेत वकिलामार्फत आलेली तक्रार स्वीकारावयाचीच नाही असे ठरविले होते. ‘लोकपालाकडे आम्ही तुमची केस लावतो, वकिलाची फी भरा’ म्हणणाऱ्याला हे ऐकवावे.

फुकट सल्ला मिळतो कोठे, असे आम्हांला विचारले जाते. गेल्या दशकांत प्रयत्न झाले. बँक ऑफ इंडियाने ‘अभय’ आणि आयसीआयसीआय बँकेने ‘दिशा’ या नावाने ऋणसल्ला केंद्रे पुरस्कृत केली. २००९ साली रिझर्व्ह बँकेने अशा केंद्रांची आदर्श योजना काढली. सल्ला विनामूल्य असावा आणि केंद्राने पुरस्कर्त्या बँकेपासून अंतर राखावे, म्हणजे ते वसुलीचे कार्यालय होऊ नये, अशी त्यात सोय होती. कल्पना उत्तम होती. २०१२ साली या केंद्रांची वित्तीय साक्षरता केंद्रे झाली आणि भर खाते उघडणे, बचत, विमा यांच्या प्रसारावर गेला. ऋणसल्ल्याचे मूळ काम त्यात मागे पडले, असे आमचे मत आहे. तरीही जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जाऊन जवळच्या केंद्राची चौकशी जरूर करावी. काही ठिकाणी जाणते निवृत्त अधिकारी तेथे बसतात. दुसरे स्थान जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्याच कायद्याखालील लोकअदालतीत बँकांची प्रकरणे दाव्यापूर्वीही ठेवता येतात. तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नसते, हे मात्र सही करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. सही केली की केली.

आता शनिवारच्या बैठकीविषयी. आम्ही कंपनी नाही, शुल्क घेत नाही, कोणाचे पैसे हाताळीत नाही, आणि कोणाला जामीनही राहत नाही. येताना प्रत्येक कर्जाचे ताजे विवरणपत्र, करारनामा असल्यास तो, तीन महिन्यांची पगारपत्रके, आणि घरखर्चाचा महिन्याचा अंदाज लिहून आणावा. पतमाहितीचा अहवालही आणावा. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, आणि देशात अशा कंपन्या चार आहेत. त्यात आपण कधी न घेतलेले कर्ज दिसले तर तेही सांगावे. असे प्रकार निघतात, आणि चूक तीस दिवसांत दुरुस्त न झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आता झालेली आहे. शक्य असेल तर पतिपत्नींनी दोघांनी यावे. ग्रंथालयाचे कपाट सात वाजता बंद होते, परंतु आमची खोली साडेआठपर्यंत उघडी असते, आणि मागच्या जिन्याने आले तर सभागृहातून यावे लागत नाही.